पोस्त की बलुतं?

कार्तिक वद्य एकादशी होऊन चार दिवस झाले, तरी साजगावात पाय ठेवायला जागा नव्हती. बोंबल्या विठोबाची यात्रा लागली की ताकईच्या देवळाभोवती पाळणे, मिठाईची दुकानं, घोंगड्या आणि सुक्या मासळीचे ढीग लागतात. वारा फिरला की बोंबलांचा वास थेट आमच्या ओटीवर. न्यू जर्सीत एडिसनला बारा वर्षं राहिलेली ताई यंदा खास यात्रेसाठी आली होती. आईचे गुडघे धरलेले, दिवसभर पाहुण्यांचा राबता; रात्री गॅस पेटवायचं कोणाच्या अंगात त्राण नव्हतं. ताईनं फोनवरून खोपोलीतल्या एका हॉटेलातली बिर्याणी मागवली.

पार्सल यायला तास लागला. यात्रेमुळे गाड्या अडवलेल्या, म्हणून पोरानं मोटरसायकल लांब लावली आणि पाठीवरची ती चौकोनी पिशवी सावरत तो गर्दीतून चालत आला. पायरीशी उभा राहिला तेव्हा त्याच्या टी-शर्टला पिशवीच्या पट्ट्यांचे दोन ओले पट्टे उमटले होते. बाबांनी त्याला ओटीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि सवयीनं चौकशी सुरू केली.

"किती सुटतात रे एका खेपेचे?"

"अंतरावर असतं, काका. पेट्रोल आपलं."

"आणि पंक्चर झाली तर?"

"तीपण आपलीच."

ताईनं त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवली. त्यानं ती घडी करून मोबाइलच्या कव्हरात सरकवली आणि म्हणाला, "ताई, तेवढे पाच स्टार द्या. आज उशिराचं कोणीतरी माझ्यावर काढणार."

तो गर्दीत दिसेनासा झाला आणि बाबांनी तोंड उघडलं. बाबा म्हणजे खोपोलीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, त्यातली वीस वर्षं युनियनचे खजिनदार. गेला हिवाळा आईबाबा ताईकडे होते. तिथं अर्धवट राहिलेला वाद त्या रात्री आमच्या ओटीवर पुरा झाला, किंवा पुरा व्हायच्या बेतात आला. मी बिर्याणी वाढत होतो. कानावर पडलं ते असं.

बाबा : शंभर रुपये कशाला गं, बाय?

ताई : एवढ्या गर्दीतून चालत आला तो, बाबा.

बाबा : आला ना. मग ज्यानं पाठवलं त्यानं त्याचे द्यावेत. मी पाणी दिलं, बसवलं, विचारपूस केली. ते माझं काम. मजुरी देणं मालकाचं काम. तू मध्ये पडलीस की मालक सुटतो आणि पोरगा मिंधा होतो.

ताई : एडिसनलाही तुमचं हेच चाललं होतं.

आई : (आतून) झालं! पिझ्झा निघाला.

पिझ्झा निघणारच होता. आमच्या घरातली ती आता दंतकथा आहे. जानेवारीतली दुपार, बाहेर गुडघाभर बर्फ, ताई आणि भावोजी कामावर. बाबांनी भिंतीवरच्या पत्रकावरचा नंबर फिरवून स्वतःच्या इंग्रजीत पिझ्झा मागवला, याचाच त्यांना कोण अभिमान. बिल सतरा डॉलर चाळीस सेंट. बाबांनी वीसची नोट दिली. पोरगा आभार मानून वळला. बाबांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि तळहात पुढे केला. त्यानं दातांनी हातमोजा ओढून काढला, खिशातून एकेकाच्या दोन नोटा, दोन क्वार्टर आणि एक डाइम मोजून बाबांच्या हातावर ठेवले. हिशेब चोख झाल्यावर बाबांनी त्याला आपुलकीनं विचारलं, पाणी घेणार का? तो बघतच राहिला. संध्याकाळी ताईला हे कळलं तेव्हा ती अंगावरचा कोट न काढता तशीच परत गाडीत बसली आणि त्या दुकानात पाच डॉलर ठेवून आली.

बाबा : वीस दिले, दोन साठ परत घेतले. यात मी चोरी कुठं केली?

ताई : चोरी नाही. मजुरी कापलीत त्याची.

बाबा : त्याची मजुरी मी ठरवली होती?

ताई : ठरवली नव्हतीत, पण तिथल्या कायद्यानं ती तुमच्या हातात ठेवली होती. अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. २००९ पासून तेवढंच आहे. आणि ज्याला टिप मिळते अशा कामगाराला मालकानं रोख २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. वरचे पाच डॉलर गिऱ्हाईक भरणार असं गृहीत धरलंय.

बाबा : आणि गिऱ्हाइकानं नाही भरले तर?

ताई : तर मालकानं भर घालावी, असं कायदा म्हणतो. काही राज्यांत आकडे बरे आहेत, न्यू जर्सीतही आहेत. पण टिपवाल्याला मालकानं कमी रोख द्यायची सवलत तिथंही आहेच. १९६६ साली ही सवलत केंद्राच्या कायद्यात शिरली ती शिरलीच.

बाबा : म्हणजे पिझ्झा विकणार हा, पैसे मोजणार हा, आणि याच्या नोकराचा पगार देणार मी! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

ताई : पिझ्झावाल्याचा निदान नोकर तरी असतो. ॲपवरून येतो तो कोणाचा नोकरच नाही. कागदावर तो स्वतंत्र धंदेवाला. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, विमा त्याचा. बहुतेक ठिकाणी त्याला किमान वेतनाचा कायदाच लागू होत नाही. कंपनी एका खेपेचे दोन-तीन डॉलर देते, बाकी टिपेवर.

बाबा : आत्ता गेला तो पोरगा काय वेगळं सांगत होता?

ताई : तेच सांगत होता. म्हणून तर शंभर दिले.

बाबा ताट पुढ्यात ओढत गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे हरले असं आमच्या घरात कोणी समजत नाही. ताईनंच पुढं रेटलं.

ताई : बाबा, तुमची अडचण शब्दाची आहे. तुम्ही टिपेला पोस्त समजता. दिवाळीत पोस्टमन यायचा, झाडूवाला यायचा, आजी ताटलीत करंज्या-चकल्या आणि वर दोन रुपये ठेवायची. ती पोस्त. दिली तर दोघांना आनंद, नाही दिली तर पोस्टमनची चूल विझत नव्हती. सरकार त्याला पगार देत होतं. पण अमेरिकेतली टिप पोस्त नाही. ते बलुतं आहे.

बाबा : बलुतं?

ताई : तुम्हीच सांगायचात ना. सुतारानं वर्षभर नांगर नीट करायचे, न्हाव्यानं वर्षभर दाढ्या करायच्या, कोणी रोख मागायचं नाही. भाताची झोडणी झाली की ज्याचा त्याचा वाटा खळ्यावर काढून ठेवायचा. त्याला कोणी बक्षीस म्हणत नव्हतं. ज्यानं बलुतं बुडवलं त्याला गावानं काय म्हटलं असतं? तुम्ही त्या दिवशी एडिसनच्या दारात बलुतं बुडवलंत.

आईनं आतून "बरोबर आहे तिचं" असं म्हटल्यासारखं भांडं आपटलं. बाबांनी मात्र ताठ बसून पाठ भिंतीला लावली. युनियनच्या सभेत समोरच्याचा मुद्दा हाती लागला की ते असेच बसत असणार.

बाबा : शब्द चांगला काढलास. आता त्याच शब्दाला धरतो. बलुतं एवढं चांगलं होतं, तर मोडलं कशाला? महारवतन काय होतं? गावाचं काम, सरकारचं काम, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. मोबदला काय, तर तुकडाभर जमीन आणि दारोदार फिरून मागायचं बलुतं. पीक बुडालं, दे नाही. पाटलाची मर्जी फिरली, दे नाही. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यावर दुरुस्तीचं विधेयक आणलं. मागणी काय होती? बलुत्याच्या जागी रोख मोबदला द्या आणि वतनाच्या बेडीतून माणूस सोडवा. ती वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. म्हणजे जे आपण इथं एवढी वर्षं भांडून मोडलं, ते तुझ्या अमेरिकेनं बटणावर आणून ठेवलं. वीस टक्के, पंचवीस टक्के. पाटलाची मर्जीच ती, फक्त फोनवर.

ताई : खरं आहे. आणि तिथंही त्याची सुरुवात जवळजवळ अशीच झाली.

बाबा : कशी?

ताई : यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्यानं गेली. मग पुलमन नावाच्या कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत चाकरीला कृष्णवर्णीय माणसं ठेवली. त्यातली पहिली कितीतरी काल-परवापर्यंत गुलाम होती. पगार नावापुरता, बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून गोरे प्रवासी प्रत्येक हमालाला जॉर्जच म्हणायचे. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी त्यांची युनियन बांधली. कंपनीनं पहिला करार केला तो १९३७ साली.

बाबा : म्हणजे बाबासाहेब इकडं विधेयक मांडत होते तेव्हा तिकडं हे चाललेलं.

ताई : त्याच सुमारास.

बाबा : मग तू माझ्याच बाजूची निघालीस की!

ताई : इतिहासात तुमच्या बाजूची. दारात तो उभा असताना नाही.

मला वाटतं, वादाची खरी गाठ इथं होती. टिप ही पद्धत वाईट आहे यावर दोघांचं दुमत नव्हतंच. वाईट पद्धत मोडेपर्यंत तिच्यावर पोट असलेल्या माणसाशी कसं वागायचं, एवढाच प्रश्न होता. आपली माणसं परदेशात जातात तेव्हा या प्रश्नाचं उत्तर बहुधा रुपयांत गुणाकार करून काढतात. पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर, एवढ्यात इथं दोन माणसं जेवतात. गुणाकार बरोबर असतो. पण तो पोरगा भाडं डॉलरमध्ये भरतो, हे त्यात येत नाही. बाबांचं निराळं होतं. त्यांना पाच डॉलर जड नव्हते, तत्त्व जड होतं.

बाबा : मी तुला बोनसची गोष्ट सांगतो. १९२४ साली मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी संप झाला. मालक काय म्हणाले? बोनस ही आमची खुशी, वाटली तर देऊ. नेमलेल्या कमिटीनंही सांगितलं, कामगारांचा त्यावर हक्क पोचत नाही. तेव्हा कामगार म्हणाले असते, बरं बाबा, खुशी तर खुशी, दिवाळीला काहीतरी हातावर टेकवा, तर आजही आम्ही दिवाळीला मालकाच्या दारात उभे राहिलो असतो. भांडलो म्हणून १९६५ चा कायदा आला. आज किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात. नफा असो, तोटा असो. खुशीचा हक्क असा होतो. गिऱ्हाइकानं खिशातून देऊन होत नाही.

ताई : १९२४ ते १९६५. किती झाली?

बाबा : एकेचाळीस.

ताई : त्या पोराचं घरभाडं एक तारखेला असतं.

बाबा काही बोलले नाहीत. मी त्यांच्या ताटात रायतं वाढलं.

बाबा : बरं, दिले पैसे. ते त्याच्याच खिशात पडतात कशावरून? खजिनदाराला पहिला प्रश्न हाच पडतो. पैसा मधल्या हातातून गेला की हाताला चिकटतो.

ताई : इथं मात्र मी हात टेकते. चिकटलेला आहे. डोअरडॅश या कंपनीनं अशी रीत काढली होती की खेपेला अमुक रक्कम नक्की मिळेल असं पोरांना सांगायचं, आणि गिऱ्हाइकाची टिप त्या रकमेतच धरायची. तुम्ही टिप वाढवली की कंपनीनं द्यायचे पैसे तेवढे कमी. २०१९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा रीत बदलली. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करताना त्यांना १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर मोजावे लागले. ॲमेझॉनच्या फ्लेक्सवाल्या ड्रायव्हरांच्या टिपा कापल्याच्या प्रकरणात तर २०२१ मध्ये ६ कोटी १७ लाख डॉलरवर मिटलं.

बाबा : बघ! मी पाणी देत होतो ते कोणी कापून तरी घेऊ शकत नव्हतं.

आई : उणे दहामध्ये पाणी! त्याला बर्फ पायाखाली काय कमी होता? आणि तुम्ही पायरीवरचा काढला होतात का? मी तेव्हाच सांगत होते. पैशाचं नंतर, आधी वाट तरी करा. घोडं मेलं ओझ्यानं नि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं झालं होतं त्याचं. दाराचा दिवापण लावला नव्हता यांनी.

आई आत्तापर्यंत वादात नव्हती. या एका वाक्यात ती दोघांच्याही पुढं निघून गेली. तिथं दिवसा अंधारून येतं, घरनंबर दिसत नाही, पायरीवर बर्फाचा काचेसारखा थर धरतो. त्यावरून घसरून पडलेल्या माणसाला वीस टक्के देऊन काय उपयोग? ताईनं मान डोलावली आणि म्हणाली, आई म्हणते तेच पहिलं.

बाबा : बरं, त्या पोरांची युनियन नाही?

हा प्रश्न येणारच होता. ताई त्याची वाट बघत होती असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

ताई : आहे. न्यूयॉर्क शहरात सायकलवरून जेवण पोचवणारी कितीतरी पोरं ग्वातेमाला, मेक्सिको अशा ठिकाणांहून आलेली. २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, त्यांनी स्वतःची संघटना केली, लोस डेलिव्हरिस्तास उनिदोस. पहिल्या मागण्यांतली एक काय होती ठाऊक आहे? जिथून जेवण उचलतो त्या हॉटेलातला संडास वापरू द्या.

बाबा : (ताटातला हात थांबवून) संडास?

ताई : तोही कायदा करून मिळवावा लागला. मग किमान मोबदला. कंपन्या कोर्टात गेल्या, हरल्या. २०२३ च्या डिसेंबरपासून तासाला १७.९६ डॉलर सुरू झाले, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते २१.४४ झाले.

बाबा : शाब्बास! असं पाहिजे. मग आता टिप कशाला?

ताई : कंपन्यांनीही हेच विचारलं. मोठ्या ॲपांनी टिपेचं बटण उचललं आणि ऑर्डर संपल्यावर कुठंतरी मागं नेऊन ठेवलं. गिऱ्हाइकाकडून जादा आकार मात्र घेतला. पोरांच्या टिपा घटल्या.

बाबा : घटू देत. पगार वाढला ना? पहिल्यांदा पगार, मग पोस्त. टिप परत पोस्तीच्या जागी गेली, म्हणजे तिच्या लायकीच्या जागी गेली.

ताई : न्यूयॉर्कात तुमचं खरं. पण हडसन ओलांडून न्यू जर्सीत आलं की तो नियम संपतो. आम्ही अलीकडच्या तीरावर राहतो, बाबा. आमच्याकडं अजून बलुतंच आहे.

यावर बाबा हसले. सबंध रात्रीत पहिल्यांदा. आणि हसू ओसरायच्या आत आईनं व्यवहाराचं विचारलं. मार्चात दोघं परत जाणार आहेत, दुसऱ्या नातवासाठी.

आई : मग किती द्यायचे ते एकदा नीट सांग. म्हणजे परत दोन साठ नको.

ताई : जेवण घरी आलं तर बिलाच्या पंधरा ते वीस टक्के, कर धरायच्या आधीच्या रकमेवर. ऑर्डर लहान असली तर टक्क्यांच्या नादी लागायचं नाही, चार-पाच डॉलरच्या खाली उतरायचं नाही. पाऊस, बर्फ, लिफ्ट बंद, वर चार मजले, तर आणखी. बिलावर डिलिव्हरी फी, सर्व्हिस फी असं काही लिहिलेलं असतं, ते पोराचं नसतं, कंपनीचं असतं. ते भरलं म्हणजे टिप दिली असं समजायचं नाही. जमलं तर रोख हातात द्यायचे, बाबांच्या खजिनदारीचाही मान राहील.

बाबा : आणि जेवण गार आलं तर?

ताई : हॉटेलनं उशिरा केलं की गार येतं. तक्रार कंपनीकडं करायची, पोराचे कापायचे नाहीत. आणखी एक. ॲपवर टिप आधीच लिहावी लागते. पोरांना रक्कम दिसते आणि ती बघून ते खेप घेतात. शून्य लिहिलंत तर जेवण हॉटेलच्या फळीवर पडून राहतं. २०२३ मध्ये एका कंपनीनं स्वतःच गिऱ्हाइकांना तसा इशारा द्यायला सुरुवात केली. तर काही महाभाग आधी वीस डॉलर लिहून खेप लवकर मागवतात आणि जेवण हातात पडलं की टिप उतरवून शून्य करतात.

बाबा : ही मात्र सरळ लबाडी. मी परत मागितले ते तोंडावर तरी मागितले.

ताई : ते कबूल. आणि उलट बाजूनंही सांगते. कॉफीच्या दुकानात आपणच रांगेत उभे, आपणच पेला उचलला, तरी मुलगी पडदा फिरवून अठरा, वीस, पंचवीसची बटणं दाखवते. तिथं ना पोस्त लागत, ना बलुतं. खुशाल नाही म्हणायचं. तिथं तुमचं तत्त्व चालवा.

बाबा : सगळ्याच परदेशात असं आहे का हे?

ताई : छे. तिथंच आपली माणसं फसतात. अमेरिकेत शिकलेलं सगळीकडं चालवतात. जपानमध्ये टिप द्यायची पद्धतच नाही. पैसे पुढं केलेत तर समोरचा गोंधळतो, तोंडभरून आभार मानायचे. लंडनला पाऊसपाण्यात आलेल्याला पौंड-दोन पौंड देतात, नाही दिले तरी कोणी वाईट मानत नाही. हॉटेलात कामगारांना मिळालेली टिप मालकानं ठेवून घ्यायची नाही, असा कायदा तिथं २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्याला पुरी करायची. त्यांच्या भाषेत टिपेला शब्दच प्यायला दिलेले पैसे असा आहे.

बाबा : म्हणजे चहापाणी!

आई : आपल्याकडं चहापाणी म्हटलं की तलाठी आठवतो.

ताई : दुबईला दारात येतो तो बहुधा आपल्याच उपखंडातला असतो, पंचेचाळीस डिग्रीत मोटरसायकल हाणत आलेला. तिथं सक्ती नाही, पण पाच-दहा दिरहम आणि आईचं गार पाणी, दोन्ही चालेल.

देश तसा वेश ही म्हण आपण कपड्यांना लावतो. पैसे देण्याच्या रीतीला ती जास्त लागू पडते असं मला हे ऐकताना वाटलं. एकच नोट एका देशात मजुरी असते, दुसऱ्यात खुशी आणि तिसऱ्यात नुसता अडाणीपणा. नोट बघून काही कळत नाही. देण्याआधी त्या माणसाला मालक किती देतो ते विचारावं लागतं. म्हणजे शेवटी बाबांनी ओटीवर पोराला विचारलेला पहिला प्रश्नच खरा.

बाबांनाही बहुधा तेच सुचलं.

बाबा : मग मला सांग, आत्ता तू शंभर दिलेस ते काय होतं? पोस्त की बलुतं?

ताईला लगेच उत्तर देता आलं नाही.

बाबा : इथं अजून पोस्त आहे, बाय. पण तुमच्यासारखे दर खेपेला शंभर-पन्नास द्यायला लागले की कंपनी आकडा बघणार आणि म्हणणार, पोरांना वरचे मिळतायत, खेपेचा दर उतरवा. मग इथंही बलुतं होईल. नीती आयोगाचा २०२२ चा अहवाल मी वाचलाय. तेव्हाच देशात असली कामं करणारे ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा त्यांचा अंदाज आहे. एवढी माणसं उद्या कोणाच्या मर्जीवर सोडायची? राजस्थाननं २०२३ साली त्यांच्यासाठी कायदा केला. तुमच्या एडिसनची वेळ निघून गेली असेल. खोपोलीची गेलेली नाही.

ताई : म्हणजे उद्या परत मागवलं तर त्याला काहीच द्यायचं नाही?

बाबा : यात्रेत चालत आला तर दे. दिवाळीला दे. रोज देऊ नकोस. रोजचं त्याला कंपनीकडून मिळालं पाहिजे.

ताई : आणि ते मिळेपर्यंत?

परत तीच गाठ. या वेळी ती ताईनं मारली होती, आणि ती सोडवायला कोणी हात घातला नाही. लांबून देवळातल्या भजनाचा कर्णा ऐकू येत होता. आमच्याकडं बोंबल्या विठोबाच्या नावाच्या दोन कथा सांगतात. एक साधी : सुक्या बोंबलांचा बाजार भरतो म्हणून. दुसरी तुकोबांची. ते मिरच्या विकायला घाट उतरून या बाजारात येत. गिऱ्हाइकांनी माल उधार नेला आणि पैसे बुडवले. तुकोबा काही मागेनात. शेवटी विठोबानं स्वतः गावात बोंब ठोकली आणि उधारी वसूल करून दिली. लहानपणी मला ही गोष्ट देवाच्या चमत्काराची वाटायची. त्या रात्री वाटलं, ही थकलेल्या पैशांची गोष्ट आहे. ज्याचे पैसे राहिलेत त्याला मागायची लाज वाटते आणि ज्यानं थकवलेत तो खुशाल असतो, हे आपल्या गावाला केव्हापासून ठाऊक आहे.

ताटं उचलली तेव्हा बाबा आत गेले आणि फडताळातून एक जुनी हिशेबाची वही घेऊन आले. युनियनच्या दिवसांतली, लाल कापडी पाठीची, अर्धी कोरी. चष्मा लावून त्यांनी कोऱ्या पानावर पट्टीनं रकाने आखले : तारीख, गाव, रक्कम, हस्ते.

ताई : हे काय?

बाबा : मार्चात देईन मी. पंधरा टक्के, वीस टक्के, तू सांगशील ते. पायरीवरचा बर्फही काढीन. पण खर्ची घालणार नाही. मालकानं द्यायचे होते, मी दिले. म्हणजे मी त्याला उसने दिले.

ताई : आणि वसूल कोण करणार?

बाबांनी हनुवटीनं कर्ण्याच्या आवाजाकडं, ताकईकडं खूण केली.

"त्याला सवय आहे," ते म्हणाले. मग पानाच्या डोक्यावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, 'मालकाकडून येणे', आणि जरा थांबून पहिली नोंद मागच्या तारखेची केली : जानेवारी, एडिसन, डॉलर पाच, हस्ते बाय.